चौथे ऋण

गेल्या मार्गशीर्षात आमच्या कन्येचे लग्न ठरले आणि घरातील रूढीप्रमाणे आमच्या आजीच्या पाटल्या आटवून त्यांचे नवे दागिने घडवावे असा विचार निघाला. अंधेरीच्या बाजारातील नेहमीच्या सराफाच्या पेढीवर आम्ही त्या घेऊन गेलो. त्याने पाटली कसोटीवर घासून कस पाहिला, वजन केले आणि मागच्या खोलीत मुशीत घालून ती आटविली. पाऊण शतकाची मनगटावरची झीज, कोणा जुन्या सोनाराच्या टाक्याची खूण, एका अंगाला पडलेला पोचा, हे सारे आमच्या देखत वितळून एक लहानशी तेजस्वी गोळी तेवढी उरली. सराफ हसून म्हणाला, "सर, आता हे कुणाचे, कुठले, काही म्हणून सांगता यायचे नाही. सोने ते सोने!"

त्याने हे सोन्याच्या स्तुतीसाठी म्हटले, व ती स्तुती यथार्थही आहे. सोने गंजत नाही, कुजत नाही, कितीही वेळा आटविले तरी पुन्हा पूर्ववत शुद्ध होते. म्हणूनच जगाने त्यास मोलाचे माप मानले. परंतु घरी परतताना आमच्या मनात निराळीच शंका उभी राहिली. ज्या वस्तूस आपले मूळ सांगता येत नाही, ती बाळगणाऱ्या मनुष्यास त्या मुळाचे काही देणे लागते काय? की स्मरण पुसले गेले म्हणजे देणेही फिटले? प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नाचा यथामति विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम दगडाकडे पाहू. आम्ही राहतो त्या उपनगरात गिल्बर्ट टेकडी नावाचा काळ्या पाषाणाचा सुळका उभा आहे. त्याची उंची सुमारे २०० फूट असून वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास असावे असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. ह्या सुळक्याभोवतीचा खडक खाणवाल्यांनी सुरुंग लावून तोडला व त्याच्या खडीवर ह्या उपनगराच्या इमारती उठल्या. १९५२ साली सरकारने टेकडीस संरक्षण दिले, २००७ साली महापालिकेने तिला वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत घातले. मधल्या काळात जे जावयाचे ते गेले. तथापि दगडाची एक गोष्ट चांगली आहे. त्यास स्मरण असते. तुटलेला कडा समोर दिसतो, घराच्या जोत्यातील दगड त्याच रंगाचा असतो. येथून काढले व तेथे बसविले, असे बोट दाखवून सांगता येते.

बाळपणी आम्ही त्या खाणींच्या कडेला जाऊन फुटक्या दगडांच्या पोटातील पांढऱ्या गारा वेचीत असू आणि रात्री पांघरुणात शिरून त्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडीत असू. ह्या गारेशीच सोन्याचा फार जुना संबंध आहे. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या खडकातील गारेत सोने नसते. परंतु दक्षिणेतील त्याहून कितीतरी प्राचीन खडकांच्या भेगांतून जी गार शिरलेली आहे, तिच्या काही शिरांत सोन्याचे कण सापडतात. त्या शिरांपैकी हिंदुस्थानात सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कोलारच्या. आजीच्या पाटल्यांतील सोने तेथलेच होते असे आम्ही म्हणत नाही; ते तसे होते की नव्हते हे कोणासही सांगता येणार नाही, हाच तर आमच्या शंकेचा गाभा आहे. पण सोन्याने गमावलेले स्मरण भूमीने कोठे राखून ठेविले असेल, तर ते पाहण्यास कोलारसारखे दुसरे ठिकाण आपल्या देशात नाही.

कोलार हे नाव मराठी वाचकास परके नाही. विजापूर दरबाराकडून शहाजीराजांस कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळुराबरोबर कोलारही होते. कोलार शहरापासून काही कोसांवर, ज्या माळाखाली पुढे जगातील अत्यंत खोल खाणींपैकी एक खणली गेली, त्या माळावर सोने असल्याचे तेथील गावकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन हा म्हैसूर राज्याच्या सरहद्दीची मोजणी करीत असता ही वार्ता त्याच्या कानी आली. त्याने बक्षीस लावताच गावकरी मातीने भरलेली गाडी घेऊन आले व त्याच्या समक्ष माती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखविले. वॉरनचे नाव इतिहासाने ठेविले. माती धुणारांची नावे ठेविली नाहीत. पुढे लॅव्हेल नावाच्या आयरिश सैनिकाने वॉरनचा तो जुना वृत्तांत वाचला, १८७१ साली बैलगाडीने कोलारची वाट धरली आणि १८७५ साली खाणीचा परवाना मिळविला. १८८० साली लंडनची जॉन टेलर आणि मंडळी ही पेढी येथे आली. आरंभी भांडवल जवळजवळ बुडाले होते. परंतु प्लमर नावाच्या खाणीच्या कप्तानाने प्राचीन लोकांनी खणून सोडलेल्या खड्ड्यांचा माग धरला व त्यांच्या खालीच गारेची ती समृद्ध शीर सापडली. म्हणजे ज्या नव्या विद्येचा एवढा डौल, तीही शेवटी कोणा अनामिकांच्या कुदळीच्या खुणेवरच उभी राहिली!

मग मात्र भाग्य उघडले. आरंभीच्या काळात टनभर गारेत चाळीस ग्रॅमांहून अधिक सोने मिळे. १९०२ साली शिवनसमुद्रम् येथे कावेरीच्या धबधब्यावर वीज उत्पन्न करून ती सुमारे ९० मैल तारांवरून खाणीस पुरविण्यात आली. बंगळूर शहराच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर. खाण तीन किलोमीटरांहूनही खोल गेली. तेथे खडकाची उष्णता साठ अंशांवर असे व हवा थंड करून खाली सोडावी लागे; वरच्या भाराने खडक एकाएकी स्फोट होऊन फुटे व माणसे त्यात गाडली जात. १९५६ साली खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या, पुढे केंद्र सरकारकडे गेल्या. तोवर सोन्याचे प्रमाण टनामागे तीन-चार ग्रॅमांवर उतरत चालले होते, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. ध्यानात घेण्यासारखे हे की, सोने संपले म्हणून खाण बंद झाली नाही; ते काढण्याचा खर्च त्याच्या त्या वेळच्या भावाहून अधिक झाला म्हणून बंद झाली.

काही वर्षांपूर्वी बंगळुरास एका परिषदेसाठी गेलो असता एक दिवस वेगळा काढून आम्ही ही जागा पाहून आलो. सकाळी मारिकुप्पमहून बंगळुरास येणाऱ्या गाड्या माणसांनी ओथंबलेल्या होत्या. उलट दिशेची आमची गाडी जवळजवळ रिकामी होती. खाणीच्या वस्तीतील मुले-नातवंडे आता रोज तासन्‌तास प्रवास करून शहरात चाकरीस जातात. गाडीतून उतरताच दिसतात त्या राखी-पिवळ्या सपाट माथ्याच्या टेकड्या. त्या निसर्गाच्या नव्हेत. गार दळून, सायनाइडच्या पाण्याने तिच्यातील सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्याचे हे ढीग आहेत. असे तेरा ढीग असून त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माल आहे. वाऱ्याच्या दिवसांत त्याची धूळ घरोघर शिरते. खाणीच्या तोंडावरील लोखंडी मनोरे गंजत उभे आहेत. खालच्या बोगद्यांतून पाणी भरले आहे. एका बाजूस इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले, क्लब व दफनभूमी. दुसऱ्या बाजूस कामगारांच्या एकेका खोलीच्या रांगा, ज्यांना तेथे अद्यापि 'लाइन' म्हणतात. तरुण पिढीस हे ठिकाण एका गाजलेल्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. पण त्या चित्रपटातील कथेचा येथील इतिहासाशी फारसा संबंध नाही.

अशाच एका लाइनीच्या दाराशी आम्हांस एक वृद्ध कामगार भेटला. तीस वर्षे त्याने खाली काम केले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही त्यास विचारले, "बाबा, तुमच्या हातून किती सोने गेले असेल?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "सोने मी कधी पाहिलेच नाही. मी दगड पाहिला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तो केवळ वस्तुस्थिती सांगत होता. टनात तीन-चार ग्रॅम सोने डोळ्यांना दिसत नाही. मग तो दाराची चौकट धरून बराच वेळ खोकत राहिला. गारेची बारीक धूळ फुप्फुसात बसली म्हणजे ती निघत नाही. आमच्या मनात आले, सोने आपले मूळ विसरते. परंतु गार काहीच विसरत नाही. ती माणसाच्या छातीत राहते.

ह्या कामगारांपैकी पुष्कळसे तमिळ व तेलुगू मुलुखातून आलेले होते, आणि त्यांत गावांनी अस्पृश्य ठरविलेल्या जातींचा भरणा मोठा होता. अयोती दास पंडितांच्या बौद्ध चळवळीने येथे मारिकुप्पममध्ये लवकरच मूळ धरले, ह्याचे नवल वाटू नये. आमच्या शास्त्रकारांनी सोन्यास उपजतच शुद्ध मानले. सोन्याचे भांडे केवळ पाण्यानेही शुद्ध होते असा मनूचा निर्णय आहे. ह्या निर्णयाचा परिणाम काय झाला तो पाहा. ज्यांच्या हातचे पाणी आम्हांस चालत नव्हते, त्यांच्या हातचे सोने आम्ही देवाच्या मस्तकावर चढविले, वधूच्या गळ्यात घातले, आणि आमच्या मनास किंचितही विटाळ झाला नाही. सोन्याचे विस्मरण केवळ एक रासायनिक गुणधर्म नव्हे. ते समाजास फार सोयीचे ठरले.

उलट कामगारावर मात्र अविश्वास पदोपदी होता. सोन्याचा अंश असलेली गार विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा मानणारे कायदे म्हैसूर राज्यात झाले. १९३० साली बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याचे ठरले तेव्हा कामगारांनी मोठा संप करून त्यास विरोध केला. सोन्याची ओळख पुसली जावी आणि सोने काढणाराची मात्र ठशाने पक्की व्हावी, ही व्यवस्था मोठी विलक्षण खरी.

येथवर वाचून एखादा चतुर वाचक म्हणेल, "ह्या लोकांस मजुरी मिळाली ना? मजुरी दिली की व्यवहार पुरा झाला. गिऱ्हाइकाने सोने विकत घेतले, दाम मोजला. त्याचे आणखी देणे ते कोणते?" हा आक्षेप वरवर दिसतो तेवढा पोकळ नाही. देवघेव कोठेतरी पुरी होते असे मानल्यावाचून संसारच चालणार नाही. पण मजुरीने जे फिटते ते ठरलेल्या कामाचे देणे. फुप्फुसात बसलेली धूळ ठरावात नव्हती. नातवाच्या अंगणात उडणारा चोथा ठरावात नव्हता. जे ठरावातच नव्हते ते दामाने फिटले असे म्हणणे म्हणजे ज्या पावतीवर रक्कम लिहिलीच नाही ती दाखवून मोकळे होणे होय.

दुसरा आक्षेप ह्याहून बळकट आहे. "असे म्हटले तर प्रत्येक वस्तूत कोणाचे ना कोणाचे कष्ट आहेत. तांदूळ, कापड, घराचा दगड, सगळेच ऋणाचे! मग मनुष्याने जगावे कसे? पापाचे ओझे वाहत?" येथे आमच्या मते दोन शब्दांची गल्लत होते. ऋण निराळे, पाप निराळे. मनुष्य देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे घेऊन जन्मास येतो ही कल्पना सर्वांस परिचित आहे. परंतु शतपथ ब्राह्मणात ह्या तिहींच्या जोडीला चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. आणि त्याची फेड अन्न व आसरा देऊन करावी असे म्हटले आहे. हे चौथे ऋण आम्ही मागाहून सोयीस्करपणे विसरलो. ह्या कल्पनेचे मर्म असे की, ऋणी असणे हा अपराध नव्हे, ती जन्माची स्थितीच आहे. आईचे दूध पिणारे बालक ऋणी असते, पापी नसते. पाप होते ते ऋण नाकारल्याने. म्हणून सोने अंगावर घालण्यात दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. ते कोठून तरी, कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने आले, हे नाकारण्यात दोष आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस त्या वृद्धाच्या तोंडूनच ऐकावा लागला, व तो आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतो. निघताना आम्ही सहानुभूतीने म्हटले, "बरे झाले, ती जीवघेणी खाण एकदाची बंद झाली." तो चमकून आमच्याकडे पाहू लागला. "बरे कसे झाले, साहेब? आम्ही बंद होऊ नये म्हणून भांडलो." आणि मग खडकाचा आवाज ऐकून तो केव्हा फुटेल हे कसे ओळखावे, लाकडाचा आधार कोठे द्यावा, ह्याचे वर्णन तो असे करू लागला की, एखाद्या शास्त्र्याने आपल्या शास्त्राचे करावे. आम्ही खजील झालो. आमच्या दयेत त्याच्या विद्येला जागाच नव्हती. ऋण मानणे आणि कीव करणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. ज्याची कीव करतो त्यास आपण खाली ठेवतो; ज्याचे ऋण मानतो त्यास वर. त्या माणसाकडून जी खाण गेली ती केवळ धूळ नव्हती. त्याचे कौशल्य, त्याची संगत, गावकुसाबाहेर मिळालेली त्याची प्रतिष्ठाही तीत होती. हिशेबाच्या वहीत टनामागे ग्रॅम कमी झाले, तशी ह्या साऱ्याचीही किंमत शून्य ठरली.

ह्याच खाणीच्या पोटात एक निराळेही काम झाले, ते येथे सांगणे अवश्य आहे. आमच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह तेथे दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर उपकरणे मांडली आणि १९६५ साली वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची खूण टिपली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही ती टिपली गेली. न्यूट्रिनो हा असा कण की, तो सबंध पृथ्वीतून आरपार जातो व बहुधा कशासही स्पर्श करीत नाही. इतक्या अदृश्य वस्तूची नोंद घेण्याइतकी मनुष्याची बुद्धी सूक्ष्म होऊ शकते. मग शेजारी उभ्या असलेल्या मनुष्याच्या छातीतील धूळ हिशेबास दिसू नये, हे बुद्धीच्या उणिवेमुळे घडले असे म्हणता येत नाही. पाहावयाचे काय, हे आधी ठरलेले असते.

ही गोष्ट कोलारपुरती नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील अगाथार्कीडीस याने मिसर देशातील सोन्याच्या खाणींचे केलेले वर्णन डायोडोरसच्या इतिहासात राहिले आहे. कपाळाला दिवे बांधलेले बंदिवान गार फोडीत आहेत व मुले बोगद्यांतून रांगत आहेत, असे ते चित्र आहे. त्या सोन्याचे काय झाले? ते आटले, पुन्हा आटले, नाणी झाले, मूर्ती झाले. कदाचित त्याचा एखादा कण आज एखाद्या घरच्या डोरल्यातही असेल. आणि कोलारच्या ढिगांकडे तरी जगाचे लक्ष पुन्हा केव्हा गेले? सोन्याचा भाव चढला तेव्हा. त्या चोथ्यातून उरलेले सोने काढण्याच्या केंद्राच्या योजनेस २०२४ साली कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. तेथील माणसांस त्यातून काम मिळाले तर आम्हांस आनंदच होईल. मात्र ह्या वेळी तरी धुळीचा व पाण्याचा हिशेब ठरावाच्या आत लिहिला जावा, बाहेर राहू नये. चौथे ऋण फेडण्याचा सार्वजनिक मार्ग हाच आहे, आणि तो आमच्या अंधेरीच्या टेकडीसही लागू आहे. जेथून घेतले तेथे काय उरले, हे पाहण्याचे काम घेणाराचे.

राहिला घरगुती मार्ग. जुन्या रीतीप्रमाणे लग्नापूर्वी दागिन्यांची याद करतात. आमच्याही घरी ती करण्यास बसलो. आपल्या भाषेत 'याद' ह्या एकाच शब्दाने टिपण आणि आठवण या दोहोंचा बोध होतो, हे लिहिता लिहिता प्रथमच आमच्या ध्यानी आले. दागिना, वजन, कस, असे रकाने होते. त्यांच्यापुढे आम्ही आणखी एक रकाना पाडला आणि त्यात लिहिले, "आजीच्या पाटल्यांतून. त्यापूर्वी कोणी काढले ते ठाऊक नाही. देणे बाकी."

सौ.ने खांद्यावरून डोकावून विचारले, "अहो, मंगल कार्याच्या यादीत हे कसले बाकी लिहिता?" आम्ही काही समजावून सांगण्यापूर्वीच कन्येने तो कागद हाती घेतला, वाचला आणि घडी करून आपल्याजवळ ठेविला.